सेलच्या रॅपला चीर पडलीये, टेप मारून चालेल का?

अर्धीरात्र:
नमस्कार मंडळी. व्हेप (ई-सिगारेट) ओढावं की नाही यावरचा धागा नाहीये हा, ते भांडण दुसरीकडे घालू. प्रश्न बॅटरीचा आहे आणि जरा घाईचा आहे.

माझ्याकडे दोन सेलचा मॉड (सेल बदलता येणारं मोठं व्हेप) आहे, १८६५० मापाचे रिचार्जेबल लिथियम सेल लागतात त्याला. काल रात्री सेल बदलायला झाकण काढलं, आतली फीत ओढली तर एक सेल अडकला, मग नखाने उचकटून काढला. बाहेर आल्यावर बघतो तर वरच्या टोकाला, प्लसच्या अगदी कडेला, रॅप (सेलवरचं प्लास्टिकचं पातळ वेष्टण) फाटलेला. फार नाही, काडीच्या गुलाएवढी चीर असेल, पण आतला पत्रा चकाकताना दिसतोय. सेल चालतोय मस्त, चार्जही नीट होतोय, फक्त हल्ली मॉड हाताला जरा कोमट लागतो.

एक मित्र म्हणतो सेलोटेप मार आणि वापर, तो वर्षभर तसंच वापरतोय आणि त्याला काही झालेलं नाही. दुसरा म्हणतो टेप नको, फक्त तो एक सेल नवीन घे. मला दोन्हीत काहीतरी खटकतंय पण नक्की काय ते बोट ठेवून सांगता येत नाहीये. शिवाय जादाची एक जोडी मी खिशात घेऊन फिरतो आणि चार्जिंग मॉडलाच यूएसबी लावून रात्री उशाशी करतो, हेही आत्ताच सांगून टाकतो म्हणजे काय त्या शिव्या एकदाच खाईन. जाणकारांनी प्रकाश टाकावा, फक्त आग न लावता :)

निळीवायर:
शिव्या नंतर. आधी तो सेल परत मॉडमध्ये घालू नकोस, हे वाचून होईपर्यंत तरी.

घोळ काय आहे सांगतो. आपण सगळे रिमोटमधले सेल बघत मोठे झालोय त्यामुळे डोक्यात पक्कं बसलेलं असतं की वरचं टोक प्लस, खालचं बूड मायनस आणि मधलं सगळं म्हणजे नुसता डबा. १८६५० मध्ये तो अख्खा डबाच मायनस असतो. बुडापासून थेट वर गळ्यापर्यंत, आणि वर जिथे पत्रा आत वळवून दाबलेला असतो ती कडसुद्धा मायनसच. प्लस म्हणजे मधली ती छोटी टोपी, तेवढीच. या दोघांमध्ये अंतर किती तर एक-दोन मिलिमीटर, आणि त्या अंतरात तुला वाचवायला काय आहे तर एक पातळ पांढरी चकती आणि तिच्यावर दुमडलेला रॅप. तुझी चीर नेमकी तिथेच पडलीये. मधे कुठे पोटावर पडली असती तरी मी हेच सांगितलं असतं, पण प्लसच्या कडेला म्हणजे सगळ्यात वाईट जागा, कारण मॉडमधली प्लसची पट्टी जरा जरी तिरकी बसली तरी ती टोपी आणि कड दोन्हींना एकदम टेकू शकते.

आणि टेकली तर काय होतं याचा अंदाज दे म्हणशील तर, व्हेपमध्ये वापरतात त्या दणकट सेलचा आतला रेझिस्टन्स असतो वीस-एक मिलिओहम. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट. भागाकार कर, २१० अँपिअर येतात. प्रत्यक्षात टेकण्याच्या जागी अडथळा असतो म्हणून तेवढे वाहत नाहीत, पण त्याच्या निम्मे जरी वाहिले तरी सेल काही सेकंदांत हात लावू देत नाही. आत गुंडाळलेल्या पट्ट्यांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, तो साधारण १३० अंशाला वितळायला लागतो. तो गेला की मग बाहेरचा शॉर्ट काढून टाकलास तरी उपयोग नाही, सेल आतल्या आत स्वतःलाच शॉर्ट करत बसतो, उष्णतेने रसायनं फुटतात, त्यातून आणखी उष्णता, असं ते चक्र चालू होतं आणि थांबत नाही. शिवाय आतलं प्लसकडचं मटेरियल तापलं की स्वतःच ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे गुदमरवून विझवू म्हटलं तर तेही धड जमत नाही.

टेपचं म्हणशील तर सेलोटेप उबेने सुटते, डिंक पाघळतो आणि सेल आतबाहेर करताना तिचीच कड आधी निघते. शिवाय टेपमुळे सेल जाड होतो, मग आणखी अडकतो, मग तू आणखी उचकटणार. तुझ्या मित्राला वर्षभर काही झालं नाही हे मान्य, पण त्याने काही सिद्ध होत नाही.

बरोबर पद्धत म्हणजे रीरॅप. त्यासाठी मापाच्या पातळ नळ्या मिळतात, गरम हवेने आवळणाऱ्या. जुना रॅप बोटांनी सोलायचा, ब्लेड लावायचं नाही. पांढरी चकती दुमडली किंवा फाटली असेल तर तीही नवीन टाकायची (लोक नेमकं हेच विसरतात), मग नळी चढवून केस वाळवायच्या ड्रायरने फिरवत फिरवत आवळायची, एका जागी धरून भाजायचं नाही. पाच मिनिटांचं काम आहे. पण हे फक्त सेल निरोगी असेल तर. त्याला पोचा असेल, कधी शॉर्ट झाला असेल, बुडाशी चिकट ओल किंवा गोडसर वास असेल तर रीरॅप म्हणजे मढ्याला नवा सदरा.

खिसाजळका:
माझं नाव वाचलंच असेल, आता कथा ऐका.

जादाचा एक सेल खिशात, त्याच खिशात किल्ल्यांचा जुडगा. रॅप एकदम शाबूत होता माझ्या सेलचा, काहीही फाटलेलं नव्हतं. पण वर निळीवायर म्हणाले तसं टोपी आणि कड यातलं अंतर किल्लीच्या एका दातात मावतं, आणि बूड तर कुठल्याही सेलचं उघडंच असतं. जिना चढत होतो. आधी मांडीला ऊब लागली, मला वाटलं फोन तापला. दुसऱ्या पायरीवर चटका, तिसऱ्या पायरीला मी किंचाळत पँटच्या खिशात हात घातला आणि तिथे बोटं भाजली कारण किल्ल्यासुद्धा तापलेल्या. शेवटी खिसा उलटा करून सगळं खाली फेकलं. सेल पायऱ्यांवरून टणटण करत खाली गेला, लँडिंगवर थांबला आणि फुसकारा सोडून राखाडी धूर ओकला. पेटला नाही हे नशीब. मांडीवर अजून किल्लीच्या आकाराचा डाग आहे, डॉक्टरला दाखवताना सगळ्यात आधी लाजच वाटली.

नंतर वाचायला घेतलं तेव्हा कळलं मी काही जगावेगळा नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ मध्ये एक अहवाल काढला होता, २००९ ते २०१६ या काळात बातम्यांमध्ये आलेल्या १९५ घटना त्यांनी गोळा केल्या होत्या, ई-सिगारेट पेटल्याच्या नाहीतर फुटल्याच्या. त्यातल्या ६१ घटना खिशात, ६० ओढताना आणि ४८ चार्ज होताना. म्हणजे लोक चार्जिंगला घाबरतात, पण खिसा त्याच्याही पुढे आहे.

तर अर्धीरात्र भावा, तुझी ती खिशातली जोडी आत्ता काढ. प्लास्टिकच्या डब्या मिळतात एक-दोन सेलच्या, खटकन बंद होणाऱ्या, त्याच्याशिवाय एक पाऊल टाकू नकोस. सिलिकॉनच्या टोप्याही असतात पण त्या खिशात निघून येतात, माझा विश्वास नाही.

आणि भाजलंच तर, देव करो न भाजो, आधी तो कपडा अंगापासून लांब कर, वाहत्या साध्या पाण्याखाली धर, बर्फ नको, पेस्टबिस्ट नको, आणि दवाखान्यात गेल्यावर लिथियम बॅटरीने भाजलंय हे तोंडाने सांग. आतल्या रसायनानेही भाजतं, त्यामुळे नुसता चटका समजून मलम लावून परत पाठवलं असं होऊ नये.

रात्रपाळी:
सोडून द्या की राव. बॅटरी पण वाचेल, फुप्फुस पण.

अर्धीरात्र:
@रात्रपाळी पहिलीच ओळ वाचा हो धाग्याची.
@खिसाजळका बापरे. खिशातली जोडी आत्ता टेबलावर आहे आणि मी तिच्यापासून चार फूट लांब बसलोय.

ओहमचागुलाम:
निळीवायर यांच्याशी सहमत, पण मॉड कोमट लागतो या वाक्यावर कुणीच थांबलं नाही. भाऊ, किती वॉटवर चालवतोस आणि सेल कोणता, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तोपर्यंत हिशेब सांगून ठेवतो, कारण यात निम्मे लोक चुकतात.

चिपवाला मॉड असेल (बटण, स्क्रीन, वॉट सेट करायची सोय) तर कॉइल (तापून वाफ करणारी तार) किती ओहमची याच्याशी सेलला काही देणंघेणं नसतं, सेलला फक्त वॉट दिसतात. ८० वॉट ठेवलेस आणि सेल दोन असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ४०. सेल उतरत आला की दाबाखाली ३.२ व्होल्टपर्यंत येतो, ४० भागिले ३.२ म्हणजे साडेबारा अँपिअर, चिप स्वतः थोडं खाते ते धरून १४. हेच ८० वॉट एका सेलवर ओढलेस तर २८ च्या आसपास, आणि तिथे बहुतेक सेल तोंडाला फेस आणतात. लक्षात घे, चिपवाल्या मॉडमध्ये सेल जितका रिकामा तितका जास्त करंट, कारण वॉट कायम ठेवायला तो जोर लावत राहतो. शेवटच्या दांडीवर सेल जास्त तापतो त्याचं कारण हे.

मेकॅनिकल मॉड असेल तर सगळं उलटं. तिथे चिप नाही, फ्यूज नाही, मध्ये बघणारं कुणीच नाही, सेल आणि कॉइल समोरासमोर. ४.२ भागिले ओहम, एवढंच. ०.५ ला ८.४ अँपिअर, ०.२ ला २१, ०.१५ ला २८. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊच नये हे माझं स्पष्ट मत, कुणाला झोंबलं तर झोंबू दे. त्यात पुन्हा वरून थेट सेलवर टेकणारी टोपी असली तर टँकची (वर बसणाऱ्या, द्रव भरायच्या भागाची) खालची पिन बाहेर आलेली हवी, ती आत दबलेली असेल तर टँकचे आटेच सेलच्या डोक्यावर टेकतात आणि आटे म्हणजे मायनस. सरळ शॉर्ट, नळकांड्याच्या आत, तोंडासमोर. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ च्या सुरुवातीला टेक्सासमध्ये व्हेप फुटून माणसं गेलीत. धातूच्या नळीत कोंडलेल्या वायूला जागा मिळाली नाही की नळीचा बार होतो.

आता सेलवरचे आकडे. सेलवर दोन आकडे असतात, एमएएच म्हणजे साठा आणि अँपिअर म्हणजे झेपणारा करंट, आणि लोक एमएएच बघून घेतात. एकाच आकाराच्या डब्यात जास्त साठा कोंबला की झेपणारा करंट सहसा कमी होतो, दोन्ही एकदम मिळत नाही. उदाहरण म्हणून, सॅमसंगचा २५आर २५०० एमएएच आणि सलग २० अँपिअर, एलजीचा एचजी२ ३००० आणि २०, सोनीचा व्हीटीसी६ ३००० पण सलग १५. असले आकडे खरे असतात. व्हेपसाठीच्या १८६५० वर पाच हजार, नऊ हजार नऊशे वगैरे लिहिलेलं दिसलं की समजायचं छापणाऱ्याचा हात सैल होता. आणि मोठ्या अक्षरात ४० अँपिअर लिहून बाजूला बारीक अक्षरात पल्स लिहिलेलं असतं ते वेगळंच. पल्स म्हणजे क्षणभर, आणि क्षण किती मोठा हे प्रत्येकजण आपल्या सोयीने ठरवतो. सलग किती, एवढंच विचारायचं.

अवांतर: सेल बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या स्वतःच सांगतात की हे सुटे सेल ग्राहकाने हातात घेऊन वापरायला बनवलेलेच नाहीत, ते संरक्षक सर्किटसकट पॅकमध्ये बसवायचे आहेत. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानेही जानेवारी २०२१ मध्ये सुटे १८६५० वापरू नका असा इशारा काढला होता. आपण सगळे तो ओलांडूनच बसलोय, हे माहीत असावं.

अर्धीरात्र:
७५ ते ८० वॉट. सेल गुलाबी रॅपचे आहेत, कंपनीचं नाव आधी कधी ऐकलं नव्हतं, वर ३८०० एमएएच आणि ४० अँपिअर लिहिलंय. आणि हो, आत्ता भिंग घेऊन बघितलं, ४० च्या शेजारी खरंच बारीक अक्षरात पल्स आहे. मला तो डिझाइनचा भाग वाटायचा.

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन केलं, कुठेतरी वाचलं होतं म्हणून. एक ३९ ग्रॅम, दुसरा ४३. जोडी म्हणून घेतलेले, एकाच पाकिटातले. हे नॉर्मल आहे का?

ओहमचागुलाम:
अजिबात नाही. चांगला दणकट १८६५० पंचेचाळीसच्या आगेमागे भरतो आणि एका लॉटमधल्या दोघांत चार ग्रॅमचा फरक पडायचं काही कारणच नाही. म्हणजे कुणीतरी वेगवेगळे, बहुतेक जुन्या पॅकमधून काढलेले सेल एका रंगाच्या कपड्यात बसवलेत. तो विषय संपला, रीरॅपच्या भानगडीत पडू नकोस, दोन्ही बाद.

आणि यातच तुझ्या दुसऱ्या मित्राचं उत्तर आलं. दोन सेल एकामागोमाग जोडलेले असतील तर दोघांतून तेवढाच करंट जातो, मग दुबळा आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला तसाच पुढे ढकलत राहतो, अगदी उलटा चार्ज होईपर्यंत. शेजारीशेजारी जोडलेले असतील तर भरलेला रिकाम्यात धाडकन ओततो. म्हणून जोडी एकाच वेळी घ्यायची, एकाच मॉडमध्ये वापरायची, एकत्र चार्ज करायची आणि एकत्र बाद करायची. मी रॅपवर मार्करने क१ क२, ख१ ख२ असं लिहितो आणि दर वेळी मॉडमधल्या जागा बदलतो.

चष्मेवाली:
मी ई-कचरा वेगळा करण्याच्या कामात आहे, व्हेप ओढत नाही, पण तुमचे सगळ्यांचे सेल शेवटी माझ्याकडे येतात म्हणून लिहिते.

अर्धीरात्र, बाद केलेत ना, मग आता कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. सुट्या सेलच्या दोन्ही टोकांना टेप लावा (तुमच्या मित्राची सेलोटेप इथे कामी येईल, बघा), प्लास्टिकच्या डबीत घाला आणि बॅटरी स्वीकारतात तिथे नेऊन द्या. रिकामा सेल म्हणजे मेलेला सेल नव्हे. चिप ज्याला रिकामा म्हणते त्यात तीनच्या आसपास व्होल्ट शिल्लक असतात आणि तेवढे पुरतात.

मला तर मोठ्या मॉडवाल्यांपेक्षा वापरा-आणि-फेका पेनांचा जास्त राग येतो. त्याच्या आत हाताच्या बोटाएवढा का होईना लिथियम सेलच असतो, आणि लोक ते चॉकलेटच्या कागदासारखं टाकून देतात. मग गाडीत कचरा दाबला जातो. आमच्याकडे पट्ट्यावर माल ओतला की कधीकधी आधी आवाज येतो, कुकरची शिट्टी यायच्या आधी जो फस्स असतो ना तसा, आणि मग कागदाच्या ढिगातून पांढरा धूर. तो आवाज ऐकला की आम्ही सगळे बोलणं थांबवतो. एकदा माझ्या हातमोज्याला चिकटून वर आलं होतं एक चेपलेलं पेन, मी ते वाळूच्या बादलीत टाकलं आणि दोन मिनिटांनी बादलीतली वाळू वर उडाली.

पॉडवाल्यांसाठी (पॉड म्हणजे सेल आत बंद असलेलं छोटं व्हेप): आतला सेल बहुतेकदा चपटा, पाऊचचा असतो. तो फुगला की पॉडची शिवण उघडते, बटण आत राहतं, टेबलावर ठेवला की डुलतो. फुगा टाचणीने फोडून हवा काढणारे महाभाग मी पाहिलेत. ती हवा नसते हो! तो ज्वालाग्राही वायू असतो. फुगलेला पॉड चार्जिंगला लावायचा नाही, दाबायचा नाही, जळण्यासारखं काही जवळ नसेल अशा ठिकाणी ठेवायचा आणि जमा करायचा.

चार्जिंगबद्दल, शिव्या मागितल्यात म्हणून. उशाशी म्हणजे गादी, उशी, चादर, आणि तुमचं डोकं. सगळंच जळणारं. वेगळा चार्जर घ्या, सेल बाहेर काढून फरशीवर किंवा ओट्यावर, जागे असताना. प्रत्येक खान्याला अर्धा ते एक अँपिअर पुरतो, घाई कशाची. भरला की काढून ठेवा. गाडीत उन्हात ठेवू नका, आणि कडाक्याच्या थंडीतून आणून लगेच लावू नका, शून्याखाली चार्ज केला तर आत धातूचं लिथियम जमतं आणि ते परत जात नाही. बरेच दिवस वापरायचे नसतील तर अर्धे भरलेले ठेवा, पूर्ण भरून नको.

पेटलाच तर, लिथियमवर पाणी टाकू नये असं कुणीतरी नक्की सांगेल. ते धातूच्या लिथियमबद्दल. या छोट्या रिचार्जेबल सेलवर भरपूर पाणी चालतं, विमानातले कर्मचारीसुद्धा पेटलेल्या फोनवर पाणीच ओततात, कारण काम आहे ते थंड करायचं. फक्त धूर हुंगू नका, विषारी असतो, खिडकी उघडून बाहेर व्हा आणि आवाक्यातलं नसेल तर सरळ अग्निशमन दलाला फोन. विमानावरून आठवलं, व्हेप आणि सुटे सेल चेक-इन सामानात टाकायला बंदी आहे, केबिनमध्येच, टोकं झाकून, आणि तिथे चार्जिंग करायचं नाही. देशागणिक आणखी नियम असतात ते आधी बघून घ्या.

निळीवायर:
ताई, वाळूच्या बादलीचं लिहिलंत ते बरं केलंत. मी दुरुस्तीच्या टेबलाखाली आजवर रिकामी बादली ठेवत होतो, आज भरतो.

अर्धीरात्र, एक राहिलं. नवीन सेल आले की घालण्याआधी मॉडच्या आत टॉर्च मारून बघ, सेल नेमका कुठे घासतोय ते सापडेल. रॅप उगाच फाटत नाही. बहुतेक वेळा झाकणाच्या कडेला किंवा संपर्काच्या पट्टीला धार आलेली असते, नाहीतर नवीन जोडीचंही महिन्याभरात तेच होईल.

अर्धीरात्र:
बघितलं. प्लसच्या पट्टीचा एक कोपरा वर आलाय, बोट फिरवलं तर खरखरतो, आणि त्यावर गुलाबी रंगाचा बारीक कण अडकलेला आहे. माझ्या सेलचंच कातडं ते.

सध्याची परिस्थिती अशी की चारही सेल (खिशातली जोडीपण तसलीच निघाली, ४१ आणि ४४ ग्रॅम) टोकांना टेप लावून डबीत आहेत, डबी गॅलरीत फरशीवर सावलीत आहे, उद्या जमा करतो. टेपवाल्या मित्राला हा धागा पाठवला, त्याने बघितला आणि उत्तर दिलं नाही म्हणजे त्याचंही काहीतरी तापलंय. नवीन सेल, चार्जर आणि डब्या मागवल्यात, यायला चार-पाच दिवस लागतील. मॉड रिकामा पडलाय तोवर. सगळ्यांचे आभार, चष्मेवाली ताई तुमचे विशेष.

रात्रपाळी:
म्हणजे चार-पाच दिवस सुटली म्हणायची. मी काय वेगळं सांगत होतो?